कबुली दिल्यानंतरची वाट : पंडिता रमाबाई

आजचं वाचन : मत्तय १६:१३–२३



आजच्या उताऱ्यात पेत्र दोनदा बोलतो. पहिल्यांदा बोलतो तेव्हा प्रभू त्याला धन्य म्हणतो. दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा प्रभू त्याला सैतान म्हणून मागे सारतो. मध्ये जेमतेम सहा वचनं आहेत. येशू हा ख्रिस्त आहे ही कबुली पेत्राने मनापासून दिली होती, त्यात खोट नव्हती. पण हा ख्रिस्त आता यरुशलेमेला जाणार, दुःख सोसणार, मारला जाणार हे ऐकल्यावर तो प्रभूला बाजूला घेऊन समजवायला लागला. आणि बघा, तिसऱ्या दिवशी उठवलं जाण्याचंही प्रभूने त्याच दमात सांगितलं होतं. ते पेत्राच्या कानात शिरलंच नाही. वाईट बातमी कळली की पुढचं ऐकू येत नाही, आपलंही तसंच होतं.

येशू कोण आहे हे मान्य करणं वेगळं, आणि त्याने कुठल्या रस्त्याने न्यायचं हे त्याच्यावर सोडणं वेगळं. हे दुसरं शिकायला किती काळ लागतो? मला या प्रश्नाशी नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांना शाळेच्या पुस्तकातल्या एका परिच्छेदात भेटून सोडून दिलंय. समाजसुधारक, शारदा सदन, दोन मार्क. त्यांच्या आयुष्यात ठरवलेल्या गोष्टी किती वेळा मोडल्या, हे त्या परिच्छेदात येत नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. विद्यार्थी असताना ते आपल्या गुरूंबरोबर पुण्यात पेशव्यांच्या वाड्यात जात. गुरू तिथे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत होते. बाई संस्कृत शिकू शकते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं आणि ते मनात घेऊन गेले. पुढे स्वतःच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवलं. त्यावरून विरोध झाला, तेव्हा ते कुटुंब घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला. आईनेच त्यांना शिकवलं. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

मग घर गेलं आणि यात्रा सुरू झाली. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. ऐन दुष्काळाच्या काळात जवळचं सगळं संपलं. भीक मागणं वडिलांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं. १८७४ मध्ये वडील गेले. त्यांच्यामागून आई गेली, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडं पुढची काही वर्षं हजारो मैल पायी चालली. थंडीत अंगावर पुरेसं पांघरूण नाही, काही दिवस पोटात अन्न नाही. या सगळ्या काळात त्यांनी उपास केले, व्रतं केली, हाताशी होतं ते दानही केलं. काहीच उत्तर आलं नाही आणि श्रद्धा हळूहळू झिजत गेली. नंतर त्यांनी हे सगळं कसलाही आव न आणता लिहून ठेवलंय. मला त्यांच्या लिखाणातला हा भाग फार जवळचा वाटतो. त्या कुणाची टिंगल करत नाहीत. इतकी मनापासून केलेली भक्ती रिकामी परत आली, एवढंच सांगतात.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात त्या पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका बैठकीला गेल्या. तिथे सगळे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. समोर मूर्ती नाही, काही नाही. या मंडळींचा देव म्हणजे खुर्ची असावी, असं या भावंडांना वाटलं! वर चहा-बिस्किटं पुढे आली तेव्हा कलियुग पूर्ण भरात आल्याची भावाची खात्रीच पटली. निघताना त्यांना संस्कृतातलं पवित्र शास्त्र भेट मिळालं. पंडिता असूनही त्यांना त्यात फारसं काही उमगलं नाही. पुस्तक जवळ राहिलं इतकंच.

भाऊ १८८० मध्ये ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, दुसऱ्या प्रांतातला, दुसऱ्या जातीतला माणूस. सिलचरच्या घरी एके दिवशी त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. त्या ते वाचायला लागल्या. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातलं समजावून सांगायचे. पतीला हे रुचलं नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी स्वागत केलं, आर्य महिला समाज निघाला, हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. साक्षीत त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टर हवेत. हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांनी स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. पुण्यातल्या पंचहौद मिशनमधल्या सिस्टर्सच्या ओळखीने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला, वाँटेज या गावी पोहोचल्या. उद्देश स्वच्छ होता, वैद्यकी शिकायची आणि परत यायचं.

आणि कानांनी दगा दिला. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. रुग्णाच्या छातीला कान लावून निदान करायच्या त्या काळात बहिऱ्या डॉक्टरला जागा नव्हती. वैद्यकीचं दार बंद झालं. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच अतिशय दुःखद मृत्यू झाला. परका देश, न येणारी भाषा, अडीच वर्षांची मुलगी, आणि ज्यासाठी आलो ते कारणच संपलेलं.

इथे क्षणभर थांबू या. कुणाचा व्हिसा नाकारला जातो, कुणाची नोकरी जाते, कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं, तेव्हा आपल्या फेलोशिपच्या ग्रुपवर तासाभरात मेसेज येतो की देवाकडे याहून चांगली योजना आहे. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाँटेजच्या खोलीतल्या रमाबाईंना तेव्हा कुठलीच चांगली योजना दिसत नव्हती. तिथे पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण त्यांचं दुःख झटकन ओलांडतो. त्यांना ते एकेक दिवस करून ओलांडावं लागलं.

त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे राहत, आणि सिस्टर्स त्यांची प्रेमाने सेवा करत. अशा बायकांशी कुणी असं वागतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई त्यांना वाचून दाखवण्यात आली. दुसऱ्या बाजूला नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, भारतातून पत्रं लिहीत होते. काशीत वाढलेले पंडित, एके काळी ख्रिस्ती धर्माचं खंडन करणारे, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. रमाबाईंच्या शंका त्यांना आतून माहीत होत्या. गोऱ्ह्यांच्या लिखाणाने त्यांची बुद्धी वळली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात गहजब झाला. ज्यांनी हार घातले होते त्यांनीच पाठ फिरवली. त्यांच्या बाजूने उभं राहणाऱ्यांत एक जोतीराव फुले होते, त्यांनी ‘सत्सार’मध्ये रमाबाईंचा बचाव केला.

पण गंमत अशी की ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. त्रैक्याबद्दल त्या प्रश्न विचारत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. मांसाहार घेतला नाही, साडी सोडली नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्या आध्यात्मिक आईच्या जागी मानत, तरी त्यांच्याशी पत्रांतून लांबलचक वाद घातले. मी इंजिनिअरिंगवाला, मला हे वाचून बरं वाटतं. प्रश्न विचारणारा माणूस कच्चा विश्वासी असतो, असं आपल्या मंडळ्यांत अजूनही समजलं जातं. रमाबाईंनी कबुली दिली होती आणि प्रश्नही चालू ठेवले होते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, ते एका पदवीदान समारंभासाठी. ११ मार्चला फिलाडेल्फियामध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. ज्या पदवीसाठी रमाबाईंनी समुद्र ओलांडला होता, ती त्यांच्या नात्यातल्याच दुसऱ्या मराठी मुलीला मिळताना त्यांनी प्रेक्षकांत बसून पाहिली. त्यांच्या मनात काय चाललं असेल? मत्सर असेल असं मला वाटत नाही. पण डोळे कोरडे राहिले असतील असंही वाटत नाही. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या.

अमेरिकेत रमाबाईंनी गावोगाव भाषणं केली, पुस्तक लिहिलं, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तिने विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. अट एकच, शाळेत कुठल्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. रमाबाईंना ती मान्य होती. दहा वर्षांची पक्की योजना! आमच्या ऑफिसात तीन महिन्यांचा रोडमॅप धड टिकत नाही, तरी दर वेळी आम्ही तो तितक्याच आत्मविश्वासाने मांडतो, तो भाग वेगळा.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तारीख तीच, तीन वर्षांनंतरची. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. मार्च १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वेनगरमधून रोज जाणाऱ्यांनी हा धागा लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला आलं. तेव्हाचं पुणं कसं होतं? आदल्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली होती, त्यांच्यापुढे चहा आला. त्या एका चहावरून रानडे आणि टिळकांसकट कितीतरी जणांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. अशा शहरात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांना घरात ठेवून शिकवणार होती.

आता मुख्य गोष्ट. बाप्तिस्म्याला साधारण आठ वर्षं झाल्यावर, पुण्यात असताना, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं होतं. हा माणूस पाळक झाल्यानंतर कित्येक वर्षांनी तारणाचा अनुभव घेतो. रमाबाई स्वतःकडे वळल्या. मत बदललं होतं, जगासमोर कबुली देऊन झाली होती, तिची किंमतही मोजून झाली होती. आणि तरी आत शांती नव्हती. मग स्वतःच्या पात्रतेची सगळी गणितं बाजूला ठेवून त्यांनी आपला भार प्रभूवर टाकला. बाहेरून कुणाला यात काहीच दिसलं नसेल. सदनाचा दिवस नेहमीसारखाच उजाडला असेल. त्या मात्र हा क्षण आयुष्यभर सांगत राहिल्या, बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षाही जास्त.

आणि लगेच त्याची परीक्षा आली. करार त्यांनी मोडला नाही, वर्गात धर्म शिकवला नाही. पण सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमाला घेऊन प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. मुली आपण होऊन येऊन बसायला लागल्या. गावभर बोभाटा झाला, केसरीतून टीका झाली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दार लोटून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या घरात हिंदू मुली त्यांची पूजा करतात, तशी मीही माझी प्रार्थना करणार, आणि ती लपवणार नाही. विरोध करणारेही सगळे दुष्ट नव्हते. रानड्यांनी या शाळेसाठी खूप केलं होतं आणि त्यांच्या दृष्टीने विश्वासाला तडा गेला होता. पण त्या उघड्या दाराकडे पाहिलं की मला आजच्या वाचनातला प्रभूचा प्रश्न आठवतो. तो प्रश्न शिष्यांना एकांतात विचारला गेला होता. रमाबाईंना तो सदाशिव पेठेच्या देखत विचारला गेला.

बोस्टनची दहा वर्षं संपत येणार, मग शाळा कशी चालणार? रमाबाईंनी व्यवहारी उपाय काढला. केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन फळबाग लावायची, म्हणजे उत्पन्न येत राहील. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की केडगाव स्टेशन लागतं. तेव्हा तो नुसता माळ होता. विहिरी खणल्या, झाडं लावली.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना रस्त्यात मेलेले आपले आईवडील दिसायला लागले. पुण्यातलं सदन चालवणं हेच काम पुरून उरत होतं, पैसे नव्हते, तरी त्या गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुली आणायला सरकारी मनाई झाली. मग शेकडो मुलींना न्यायचं कुठे? फळबाग होती. तंबू आणि तात्पुरत्या छपरांखाली केडगावात मुक्ती सुरू झाली. जी जमीन पुण्यातल्या शाळेला आधार म्हणून घेतली होती, तिथेच अखेर सगळं हललं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींची शाळा, सगळं बायका चालवत होत्या. १९०५ चं संजीवनही तिथलंच.

इथे एक सरळ समीकरण मांडायचा मोह होतो, की रमाबाई उपाशी राहिल्या म्हणून दोन हजार मुली वाचल्या. मला ते मांडायचं धाडस होत नाही. त्यांचे आईवडील काही कुणाला धडा मिळावा म्हणून मेले नाहीत, आणि रमाबाईंनीही असं गणित कुठे मांडलेलं मला आढळलं नाही. दुष्काळाची बातमी आल्यावर त्यांनी गाडी पकडली, एवढं मला दिसतं. पेत्रालाही यरुशलेमेचा अर्थ आधी समजावून सांगितला गेला नव्हता. त्याला फक्त मागे चालायला सांगितलं होतं.

शेवटची वर्षं त्यांनी एका कामाला दिली. प्रचलित मराठी पवित्र शास्त्र त्यांच्या मुक्तीतल्या साध्या बायकांना जड जात होतं. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि मूळ भाषांतून सोप्या, गावाकडच्या बाईलाही कळेल अशा मराठीत भाषांतर सुरू केलं. कानांनी ऐकू येणं कधीच सुधारलं नाही. त्या बसून वाचायच्या, लिहायच्या, तपासायच्या, दीड दशकाहून अधिक काळ. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. अशी बाई एक एक अक्षर जुळवत शुभवर्तमान छापते, हे चित्र मला कुठल्याही चमत्काराच्या साक्षीपेक्षा मोठं वाटतं.

मुक्तीचं काम पुढे मनोरमा बघणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिने अमेरिकेत शिक्षण घेतलं होतं, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली होती, शारदा सदनाची ती मुख्याध्यापिका होती. २४ जुलै १९२१ ला मनोरमा आईच्या आधी गेली, चाळिसाव्या वर्षी. ही शेवटची योजना. तीही मोडली.

रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कामाला बसल्या. उरलेलं संपवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांनी डोळे मिटले. मुक्तीच्या छापखान्यातून बायकांच्या हातून संपूर्ण पवित्र शास्त्र बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

उद्याचं वाचन : मत्तय १६:२४–२८